तिसऱ्या नकोला थांबायचं

सुलभाताई, तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले.

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमचा फोटो टेबलावर ठेवला होता. मोघे वहिनींनी माझ्या हातात माइक दिला आणि हळूच म्हणाल्या, "दोन मिनिटं, हं." मी म्हणाले, "ताई स्वभावाने थोड्या अबोल होत्या, पण मनाने फार प्रेमळ." समोरच्या बायकांनी माना हलवल्या. कोणीतरी डोळे पुसले. मी खाली बसले. तुम्ही तिथे असतात तर मला तिथल्या तिथे अडवलं असतं. "अबोल? परवा तर मी तुला ट्यूबलाइटच्या चोकविषयी अर्धा तास सांगितलं. तूच जांभया देत होतीस."

काय बोलायचं हे मला सुचलं नाही असंही नव्हतं. ते तुम्ही चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पण सभा सुरू होण्याआधी तुमचे धाकटे दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनीच्या त्या सगळ्याविषयी काही बोलू नका, प्लीज. माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत." हात जोडले त्यांनी. मी विरघळले. आपल्याकडे गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलायचं असतं, तसं मी बोलले. घरी आले आणि तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. उशिरा, पण तुम्ही सांगितलं होतं तसं.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तो दिवस आठवतो? मी अठरा वर्षांची होते. पांढुर्ण्याहून या हिंदी बोलणाऱ्या शहरात बाबांबरोबर पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तुमचे यजमान, म्हणजे काका, कारखान्यात फोरमन होते, आणि त्यांच्या हाताखालच्या कोणाच्या तरी ओळखीने तुमच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात माझी सोय झाली होती. बाबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले. तुम्ही ताट वाढून आणलंत. मी, आईने शिकवल्याप्रमाणे, म्हणाले, "नको, भूक नाही." तुम्ही म्हणालात, "बरं," आणि ताट आत घेऊन गेलात.

मी रात्रभर उपाशी झोपले. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने आग्रह करायचा, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मला वाटलं, ही बाई मला ठेवून घ्यायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पोह्यांची बशी पुढे केलीत तेव्हा मी इतक्या जोरात "हो" म्हणाले की काका पेपर बाजूला करून हसायला लागले. "अगं, हिच्याकडे नको म्हणजे नकोच. हवं असेल तर सांगून टाकायचं. मीही लग्नानंतर आठवडाभर अर्धपोटी होतो."

तुम्हाला ते हसणं कळलं नव्हतं. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "काल तुला भूक होती?"

"हो."

"मग नाही का म्हणालीस?"



मी तुम्हाला काकू म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "मी तुझी काकू नाही. नात्याने मी तुझी कोणीच लागत नाही." मी रडकुंडीला आले. मग तुम्ही थोडा विचार करून म्हणालात, "सुलभाताई म्हण. नाव तर माझंच आहे." त्या घरात मला हळूहळू समजलं की तुमच्या वाक्यांच्या पाठीमागे दुसरं वाक्य लपलेलं नसतं. एकदा हे कळल्यावर मला जगात इतकं निर्धास्त कुठेच वाटलं नाही. माझी बोली ऐकून कॉलेजातल्या मराठी मुली हसायच्या. "जाऊन राहिली, करून राहिली!" तुम्ही मात्र म्हणालात, "तू दर वेळी सारखंच म्हणतेस. म्हणजे त्याला नियम आहे. नियम आहे म्हणजे चूक नाही."

नियम हे तुमचं सगळ्यात आवडतं. मंगळवारी दुधी, शुक्रवारी पिठलं. कारखान्याचा सकाळचा भोंगा वाजायच्या आधी चार मिनिटं तुम्ही दोन्ही कानांत कापूस घालून उभ्या असायच्या, आणि भोंगा संपला की कापूस काढून, पर्स उचलून, चालत ड्रॉइंग ऑफिसला. तिथे तुम्ही ट्रेसर होतात. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली मशीनची ड्रॉइंग्ज ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायची. एकदा तुम्ही मला एक शीट घरी दाखवायला आणली होती, बाद झालेली. इतक्या बारीक रेघा माणसाच्या हाताने निघतात हे मला खरं वाटेना. तुम्ही कोपऱ्यातला रकाना दाखवलात. चूक झाली तर ब्लेडने शाई खरवडून नवी रेघ काढता येते, पण कोणाला न सांगता नाही. काय बदललं, कोणी बदललं, ते त्या रकान्यात लिहायचं. पहिल्या दुरुस्तीला ए, दुसरीला बी.

"लपवलेली दुरुस्ती ही सगळ्यात मोठी चूक," तुम्ही म्हणाला होतात. "पुढचा माणूस जुन्या मापाने पार्ट बनवतो."

रोज संध्याकाळी सात ते आठ तुम्ही माझं गणित घ्यायच्या. आठ वाजले की वाक्य अर्धं असलं तरी उठायच्या. माझ्या प्रत्येक फॉर्मवरचं अक्षर तुमचं. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच, आणि ती मी सभेत सांगायला हवी होती.

दुसऱ्या वर्षी बाबा अचानक आले. माझ्यासाठी स्थळ आलं होतं. बाबा ओशाळून म्हणत होते, "पाहुणे चांगले आहेत, ताई. पोरगी शिकून राहिली ते खरं, पण अशी माणसं पुन्हा भेटत नाहीत." काकांनी माझ्याकडे बघितलं, पण दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत कसं बोलणार म्हणून गप्प बसले. मीही गप्प. बोललात तुम्ही. बाबांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे बघत.

"तुम्ही तीन वर्षं म्हणालात. पहिल्या दिवशी, या खुर्चीवर बसून. अजून चौदा महिने बाकी आहेत."

"हो, पण ताई, ते तर तेव्हा..."

"तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने. बावीस झाले."

 दुसऱ्या कोणी समजावलं असतं तर त्यांनी दहा कारणं दिली असती. तुम्ही समजावलंच नाही, फक्त त्यांचा शब्द त्यांच्यापुढे ठेवलात. जाताना ते मला फाटकापाशी म्हणाले, "बाई लई कडक आहे. पण खोटी नाही." मी बी.एस्सी. झाले, पुढे शिक्षिका झाले, नेहरू नगरात स्वतःचं घर झालं. हे सगळं त्या चौदा महिन्यांवर उभं आहे, ताई. तुम्ही त्याला कधी उपकार म्हटलं नाही. तुमच्या लेखी तो हिशेबातला फरक होता, तुम्ही दाखवून दिला इतकंच.

आता त्या वहीबद्दल.

माझ्या शेवटच्या वर्षीची संक्रांत. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मंडळात हळदीकुंकवाची मोठी धामधूम असायची. नागपूरच्या, पुण्याच्या, अमरावतीच्या बायका, आणि प्रत्येकीकडे जायचंच. तुम्ही आठ दिवस आधीपासून झोपायच्या नाहीत. एका संध्याकाळी गणिताच्या वेळेला तुम्ही एक कोरी वही माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "आज तू मला शिकव. बायकांमध्ये कसं बोलायचं."

मला मजा वाटली. मी गुरुजी झाले. आणि तुम्ही ट्रेसिंगच्या त्या सरळ, एकसारख्या अक्षरात लिहून घेतलंत. वही आज माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर आहे: "'या की एकदा' म्हणाल्या तर जायचं नाही. 'रविवारी पाचला या' म्हणाल्या तर जायचं." त्याखाली: "'कसं काय?' याचं उत्तर ठीक. खरं सांगायचं नाही." मग: "डोळ्यांकडे बघवत नसेल तर कपाळावरच्या कुंकवाकडे बघायचं." आणि पानाच्या शेवटी: "पहिल्या नकोला वाढायचं. दुसऱ्या नकोला वाढायचं. तिसऱ्या नकोला थांबायचं."

त्या वर्षी तुम्ही सगळीकडे गेलात. परत येऊन चप्पलसुद्धा न काढता तुम्ही अंथरुणावर पडलात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाहीत. मी मात्र खूश होते. माझी विद्यार्थिनी पास झाली होती. आपण एका माणसाला रोज नवा मुखवटा चढवायला शिकवतो आहोत, हे त्या वयात मला कुठून कळणार?

मी शिकून बाहेर पडले आणि पाचेक वर्षांत तुमचं ड्रॉइंग ऑफिस नव्या हॉलमध्ये गेलं. एका रांगेत चाळीस टेबलं, वर ट्यूबलाइटच ट्यूबलाइट. तुम्ही साहेबांना सांगितलंत की दिवे ओरडतात. दोनदा सांगितलंत. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही कानांवर हात दाबून टेबलाखाली जाऊन बसलात आणि बाहेर येईनात. काका घाबरून तुम्हाला शहरातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आपको ऐसी आवाज़ें सुनाई देती हैं, जो औरों को नहीं सुनाई देतीं?"

तुम्ही म्हणालात, "जी हाँ."

खरंच होतं ते. ट्यूबलाइटच्या चोकची घूं घूं इतर कोणालाच ऐकू येत नव्हती. कसला आवाज, कुठून येतो, हे पुढे कोणी विचारलंच नाही. "लोग आपके बारे में बातें करते हैं?" असंही विचारलं. तुम्ही त्यालाही हो म्हणालात. तेही खरंच होतं. टाउनशिपमध्ये सगळे तुमच्याविषयी बोलत होते. चिठ्ठीवर मनाच्या मोठ्या आजाराचं नाव आलं, आणि गोळ्या सुरू झाल्या.

मला हे कळलं तेव्हा मी भेटायला आले. तुम्ही चहाचा कप धरला होता आणि बशीत कप वाजत होता. तुम्ही हाताकडे बघून म्हणालात, "रेघ निघत नाही." एवढंच. तुम्हाला ट्रेसिंगवरून काढून रेकॉर्ड रूममध्ये फायली लावायला बसवलं. नंतर कॉम्प्युटर आले आणि ट्रेसिंगच संपलं. पण तुमचा हात त्याच्या आधीच थांबवला गेला होता. मी तेव्हा काय केलं? मी म्हणाले, "औषध चालू ठेवा, ताई. डॉक्टरांना कळतं." मी शिकलेली होते ना.

बावीस वर्षं. शेवटची काही वर्षं सोडली तर काका रोज रात्री जेवणानंतर वाटीत दोन गोळ्या आणि फुलपात्रात पाणी आणून ठेवायचे. ते गेल्यावर तुम्ही स्वतःच ठेवायच्या, त्याच वाटीत.

मग आमच्या शाळेतर्फे मला एम. पी. नगरमध्ये दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. वर्गातली वेगळी मुलं ओळखायची कशी, असा विषय. शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, मुलींमधला ऑटिझम फार वेळा निसटतो, कारण मुली नक्कल करून शिकतात. कोणाशी काय बोलायचं ते पाठ करतात, काही तर लिहून ठेवतात. आणि थकून कोसळल्या की त्यांना भलताच आजार चिकटवला जातो. माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "क्या हुआ? तबीयत ठीक है?" माझ्या डोळ्यांपुढे ती वही होती.

तुम्हाला कसं सांगायचं याचा मी महिनाभर विचार केला. शेवटी सरळ सांगितलं. तुम्ही विचारलंत, "तपासता येतं?" मी म्हणाले हो. तुम्ही म्हणालात, "मग तपासू." त्या डॉक्टरीणबाईंकडे आपण तीनदा गेलो. तुम्ही नागपूरच्या शाळेचं प्रगतिपुस्तक जपून ठेवलं होतं, ते घेऊन गेलात. त्यावर बाईंचा शेरा होता: "वर्गात एकटी बसते. अक्षर उत्तम." डॉक्टरीणबाई तो शेरा बराच वेळ वाचत राहिल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. तो मोठा आजार तुम्हाला कधी नव्हताच. हे जन्मापासूनचं आहे, तुमचा मेंदू असाच आहे. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्या.

तुम्ही बासष्ट वर्षांच्या होतात. मी रडत होते. तुम्ही रडला नाहीत. बाहेर आल्यावर, रस्त्यावर हॉर्न वाजत असताना, कानांवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "म्हणजे दिवे खरंच ओरडत होते."

रिक्षात मी काकांना दोष दिला. तुम्ही लगेच म्हणालात, "त्यांना काही बोलू नकोस. त्यांनी गोळ्या वेळेवर दिल्या. एक दिवस चुकवला नाही." आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही की ही क्षमा होती की नुसती नोंद. तुमच्याकडे कदाचित दोन्ही एकच असेल.

पुढची चार वर्षं मला तुम्ही नव्याने मिळालात. थरथर पुरती गेली नाही, पण उतरली. तुम्ही जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून काढायला बसायच्या, रेघ हलली की खरवडायच्या, आणि कोपऱ्यात इमानदारीत नोंद करायच्या. माझ्या घराचा नकाशा काढून दिलात, त्याच्यावर दुरुस्त्या ए पासून 'जी'पर्यंत गेल्या आहेत. तो मी फ्रेम केला आहे.

आणि आपलं भांडण. ते तर अर्धंच राहिलं. मी एकदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले होते, "ताई, नावाचं काय घेऊन बसायचं? माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांसारख्याच आहात." तुम्ही चिडलात. मी तुम्हाला तसं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मी सगळ्यांसारखी नाही. तू असं म्हणालीस की मला पुन्हा वही काढावी लागते."

मी वाद घातला. माझा हेतू चांगला होता वगैरे. तुम्ही म्हणालात, "हेतू मला दिसत नाही. वाक्य दिसतं." मग आठ वाजले आणि तुम्ही उठलात. आपण तो विषय पुन्हा काढला नाही. आता सांगते: तुमचं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही मला ती वही दिलीत. प्रत्येक नियमावर एक सरळ रेघ मारलेली, शेजारी "रद्द", तारीख आणि सही. फक्त तिसऱ्या नकोचा नियम तसाच ठेवलेला. मी विचारलं, हा का नाही? तुम्ही म्हणालात, "तो उपयोगी आहे. तिसऱ्या वेळेला लोकांना खरंच ऐकू येतं. मी तपासून बघितलं आहे." आणि मग म्हणालात, "मी गेल्यावर मंडळात सभा होईल. तिथे तू हे सगळं सांगशील?"

"आपण आत्ताच सांगू ना, ताई."

"नको. आत्ता सांगितलं तर त्या मला भेटायला येतील."

मी हसले. तुम्ही पण हसलात, थोड्या उशिराने.

"सांगशील?"

"हो."

"नक्की हो, की आपल्या लोकांचं हो?"

"नक्की हो," मी म्हणाले होते.

इथवर लिहून मी हा लेख मंडळाच्या पत्रिकेसाठी मोघे वहिनींकडे पाठवला होता. यापुढचं नंतर जोडलं आहे. लपवलेली दुरुस्ती नको, म्हणून सांगते.

काल वहिनी स्वतः घरी आल्या, लेखाचे कागद घेऊन. सत्तरी उलटली तरी पत्रिका त्याच काढतात. चहा झाला. मग म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं. फक्त ते ऑटिझम वगैरे काढून 'दीर्घ आजार' करू या का? वाचायला बरं वाटेल."

मी म्हणाले, "नको, वहिनी."

"बरं, मग ते आवाज ऐकू येतात म्हटल्याचं तेवढं काढू. लोकांना काय, पूरा मोहल्ला बातें बनाएगा. वेडीच होती म्हणतील."

"नको."

"अगं, त्यांच्या दिरांचाही फोन आला होता मला. निदान नाव तरी नको घालूस. 'आमच्या एक ताई' असं लिही. सगळ्यांचं राहील."

 दिरांच्या मुली डोळ्यांपुढे आल्या. त्यांचा यात काही दोष नाही, आणि तुमचाही नव्हता. शोकसभेत मी इथेच विरघळले होते. मी वहिनींच्या डोळ्यांकडे बघू शकले नाही, कुंकवाकडे बघितलं.

"नको, वहिनी."

त्या थांबल्या.

कागद मांडीवर ठेवले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "एका संक्रांतीला ती माझ्या दारापर्यंत आली होती. वाण उंबऱ्यावर ठेवलं आणि आत न येताच परत गेली. मी म्हटलं, काय हा तोरा! सव्वीस वर्षं तिच्याशी धड बोलले नाही मी. आणि आली की कपाळाकडे बघायची, मला वाटायचं माझं कुंकू तपासते." मग विचारलं, "आत बायका फार होत्या गं, म्हणून?"

"त्यांनी मला सांगितलं होतं. बायका होत्या, टेप चालू होता, मिक्सर चालू होता. तरी त्या दारापर्यंत आल्या होत्या."

वहिनींनी कागद नीट जुळवून पिशवीत ठेवले. "जसंच्या तसं छापते," म्हणाल्या.

मी त्यांना जेवून जायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, "नको, आज भूक नाही गं." मी लगेच ताट वाढलं नाही, ताई, आणि विषय सोडूनही दिला नाही. विचारलं, "खरंच नाही, की आपली पद्धत म्हणून?" त्या हसत-रडत म्हणाल्या, "आहे. भूक आहे."

मग मी वाढलं.